इंद्रायणीचे राखणदार

इंद्रायणी ही काही मोठी नदी नव्हे. लोणावळ्यानजीक सह्याद्रीच्या माथ्यावर तिचा उगम होतो. कामशेतवरून मावळची भातखाचरे भिजवीत ती देहूस येते, तेथून तळवडे, चिखली, मोशी ह्या गावांच्या कडेने आळंदी गाठते आणि तुळापुरास भीमेला मिळून आपले नाव सोडून देते. सारा प्रवास सुमारे शंभर किलोमीटरांचा. गोदा-कृष्णांच्या मानाने हिला ओढाच म्हणावयाचे. परंतु हिच्या काठी एका गावी ज्ञानेश्वरांची समाधी आहे आणि दुसऱ्या गावी तुकोबांचे घर; तेव्हा महाराष्ट्राच्या मनात तिची रुंदी निराळी आहे. आज ह्याच नदीच्या दक्षिणेस पिंपरी-चिंचवडची महानगरी पसरली आहे व उत्तरेस चाकणची कारखानदारी. दोन उद्योगनगरांच्या मधली ती जणू शीव होऊन बसली आहे.

ह्या नदीविषयी कीर्तनांत पुष्कळ बोलले गेले आहे, आणि अलीकडे वर्तमानपत्रांतूनही पुष्कळ लिहिले जाते. परंतु ह्या पाण्याची राखण आजवर कोणी केली, कोणत्या अधिकाराने केली आणि तो अधिकार पुढे कोठे गेला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

देहूस विठ्ठलमंदिराच्या पाठीशी घाट आहे. त्या घाटाच्या पायऱ्यांवरून यात्रेकरू चुरमुऱ्यांची मूठ पाण्यात टाकतात आणि क्षणार्धात डोहाचा पृष्ठभाग खवळतो. हातभर लांबीचे, जाड खवल्यांचे मासे एकमेकांवर चढून वर येतात. त्यांस लोक देवमासे म्हणतात. शास्त्रीय ग्रंथांत ह्या जातीचे नाव महाशीर असे आहे. पुण्याच्या आसपासच्या नद्यांतील महाशीराचे पहिले शास्त्रीय वर्णन विल्यम हेन्री साईक्स ह्या लष्करी अधिकाऱ्याने केले. मुंबई सरकारने त्याची नेमणूक दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर केली होती. पण मनुष्य जिज्ञासू, त्यामुळे गावांची व पिकांची मोजदाद करता करता त्याने पक्षी आणि मासेही टिपले. १८३९ साली त्याने दख्खनच्या माशांवरील आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या एका माशास येथील लोक ज्या नावाने हाक मारीत तेच नाव शास्त्रात घातले. आजही जगभरचे मत्स्यशास्त्रज्ञ त्या जातीस टॉर खुद्री असे म्हणतात. पुण्याकडच्या मासेमाराच्या तोंडचा शब्द अशा रीतीने लॅटिन पोथीत जाऊन बसला आहे, ही गोष्ट मराठी माणसास फारशी ठाऊक नाही.

देहूच्या डोहात गळ टाकू नये, जाळे लावू नये, हा निर्बंध कोणत्याही सरकारी दप्तरातून निघालेला नाही. तो गावाने पाळला, यात्रेकरूंनी पाळला आणि पिढ्यान्‌पिढ्या पुढच्यांच्या हाती दिला. असे डोह महाराष्ट्रात आणखीही आहेत. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तेथील मासे वरदायिनी देवीचे मानले जातात. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसेश्वराचे देऊळ आहे. तेथील मासेही देवाचे, म्हणून अभय. नद्या निराळ्या, दैवते निराळी, परंतु नियम एकच.

हा नियम वरवर भाबडा वाटतो. थोडा विचार केला म्हणजे त्याची योजकता ध्यानात येते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील नद्या पावसाळ्यात दुथडी वाहतात आणि चैत्र-वैशाखात त्यांचे नुसते गोट्यांचे पात्र उरते. पाणी राहते ते फक्त डोहांत. महाशीर हा वाहत्या, स्वच्छ पाण्याचा मासा. पावसाळ्यात पाणी चढले की तो प्रवाहाच्या उलट जाऊन वाळू-गोट्यांच्या उथळ तळावर अंडी घालतो. पाणी उतरले की मोठे मासे पुन्हा खोल डोहाच्या आश्रयास येतात. म्हणजे उन्हाळ्याचे तीन-चार महिने साऱ्या नदीचे बीजधन एखाद्या डोहात कोंडलेले असते. त्या वेळी तेथे एक जाळे पडले तर मैलोगणती नदी ओस पडावी. ज्या जागी व ज्या ऋतूत मासा सर्वांत दुबळा, नेमक्या त्याच जागी देवाचा पहारा बसविलेला आहे. शेतकरी पेरणीचे बी कणगीत निराळे राखतो; त्यातलाच हा प्रकार होय.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती बहुधा राहून जाते. ह्या राखणीचे सारे श्रेय वारकऱ्यांस देण्याची रीत आहे. वारकरी हा माळकरी. त्याने मासा न खाण्यात त्याग तो कोणता? खरा संयम होता तो नदीवर पोट असणाऱ्या भोयाचा व कोळ्याचा. हातात जाळे आहे, घरात चूल वाट पाहत आहे, आणि समोरच्या डोहात मासे इतके दाटले आहेत की टोपलीने काढावे. तरीही तो डोह ओलांडून पुढे जाऊन जाळे टाकावयाचे, ह्यास निर्धार लागतो. देवाचे नाव होते म्हणून तो निर्धार टिकला हे खरे. पण राखण ही नेहमी ज्याला घेता येत असून जो घेत नाही त्याच्याच जिवावर चालते.

देहूच्या डोहास दैवत लाभले त्याला कारण तुकाराम महाराज. त्यांच्या अभंगांच्या वह्या ह्याच नदीत बुडविल्या गेल्या. त्यांनी काठावरील शिळेवर तेरा दिवस अन्नपाणी वर्ज्य केले. आणि वह्या कोरड्या वर आल्या, अशी महाराष्ट्राची श्रद्धा आहे. १६५० मध्ये फाल्गुन वद्य द्वितीयेस महाराजांचे प्रयाण झाले, ती बीज आजही देहूस भरते. १६८५ च्या सुमारास त्यांचे पुत्र नारायण महाराज ह्यांनी पालखीचा सोहळा चालू केला. ज्या पाण्याने वाङ्मय परत दिले ते पाणी पुढे केवळ पाणी राहिले नाही. त्यातील मासाही मग वाङ्मयाचा साक्षीदार झाला, आणि साक्षीदाराला कोण मारील?

इंग्रजी अमदानीत नद्यांवर नवे संकट आले ते सुरुंगाच्या दारूचे. रस्ते, लोहमार्ग व खाणी ह्यांसाठी आलेली दारू डोहात टाकून एका दणक्यात शेकडो मासे वर आणण्याची युक्ती लोकांस सापडली. १८९७ साली सरकारने मत्स्यविषयक कायदा करून स्फोटक द्रव्ये व विष घालून मासे मारण्यास बंदी केली. म्हणजे सरकारचा कायदा ज्या गोष्टीपर्यंत १८९७ साली पोहोचला, तिच्याही पलीकडे देवाच्या डोहांचा नियम कधीच जाऊन बसला होता. त्यानंतर वीज आली. लोणावळ्यास वळवण येथे इंद्रायणीच्या उगमाजवळ टाटांनी धरण बांधले. १९१५ पासून ते पाणी घाटाखाली खोपोलीच्या यंत्रांवर सोडून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळू लागली. पूर्वेस जावयाचे पाणी पश्चिमेस वळले. शेजारच्या मुळेच्या खोऱ्यात अशाच धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला व सेनापती बापटांचे नाव घराघरांत गेले.

वळवणचे पुढील प्रकरण मोठे चमत्कारिक आहे. ज्या धरणाने नदीचे पाणी नेले त्याच धरणाच्या काठी १९७० नंतरच्या दशकात महाशीराची कृत्रिम पैदास सुरू झाली, आणि तेथून लक्षावधी पिले देशभरच्या जलाशयांत गेली. २०२० साली ह्या जातीचे नाव जागतिक संकटग्रस्त यादीतून खाली उतरल्याची वार्ता आली तेव्हा ह्या उपक्रमाचे कौतुकही झाले. कौतुक योग्यच होते. परंतु त्याच पिलांतून काही कावेरीत सोडली गेली होती; तेथील मूळचा कुबडा महाशीर मागे हटत गेला, आणि २०१८ मध्ये तो अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंदविला गेला. परक्या नदीत नेऊन सोडलेला देवमासा तेथल्या माशांस दैत्य ठरू शकतो. राखण ही जागेची असते. नुसती जातीची नव्हे.

आता ह्या नदीच्या काठी जे नगर उभे राहिले त्याकडे वळू. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि माळरानावर कारखान्यांच्या रांगा उठल्या. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून नगरपालिका झाली. १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. पुढे चाकण भरले. ज्या चाकणच्या संग्रामदुर्गावर १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानास सुमारे दोन महिने खिळवून ठेविले, त्याच चाकणात आता साऱ्या जगाच्या मोटारी बनतात. ह्या कारखान्यांनी मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथील हजारो कुटुंबांस भाकर दिली, हे विसरून नदीवर बोलणे हा कृतघ्नपणा होईल. कायदाही झोपला नव्हता. जलप्रदूषण रोखण्याचा कायदा महाराष्ट्राने १९६९ सालीच केला, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्या आधी, आणि १९७० साली मंडळही स्थापिले. तरीसुद्धा २०१८ साली केंद्रीय मंडळाने देशातील दूषित नदीपट्ट्यांची यादी केली तेव्हा ३५१ पट्ट्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील निघाले, कोणत्याही राज्याहून अधिक. आणि त्यांत मोशी ते आळंदी हा इंद्रायणीचा पट्टा होता.

नदी मरते म्हणजे नेमके काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. माणसाचे मैलापाणी हे काही जालीम विष नव्हे. ते पाण्यात पडले की सूक्ष्म जंतू त्यावर तुटून पडतात व त्याचे विघटन करू लागतात. परंतु ते करताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते वापरून टाकतात. मैला थोडा असला तर वाहती नदी तो प्राणवायू हवेतून पुन्हा भरून काढते. मैला फार झाला की जमाखर्चाचा मेळ बसत नाही. मग पहिला गुदमरतो तो महाशीर, कारण त्याला भरपूर प्राणवायूचे पाणी लागते. हवेत तोंड काढून श्वास घेणारा मागूर तगतो, परदेशातून आलेली चिलापी तगते, आणि वर जलपर्णीचे हिरवे गालिचे पसरतात. ह्याखेरीज कपडे-भांडी धुण्याच्या रसायनांचा अंश पाण्यात असतो. बंधाऱ्यावरून पाणी आदळले की त्याचा फेस होतो. आळंदीस बर्फासारखा जो पांढरा फेस पात्रभर तरंगताना अलीकडे वारंवार दिसतो, तो हाच. काही वेळा त्याच पाण्यात यात्रेकरू स्नान करतात.

देहूचा पहारा येथे निकामी झाला. तो पहारा काठावरून येणाऱ्या हातासाठी होता. गळासाठी, जाळ्यासाठी, सुरुंगासाठी होता. आता मरण वरून पाण्यातूनच वाहत येते, आणि रात्री येते. घाटावर उभे राहून कोणाचा हात धरावयाचा? डोहात मासे मरून तरंगल्याच्या वार्ता अलीकडच्या वर्षांत आल्या. एकाही माशास कोणी गळ लावला नव्हता.

तेव्हा डोहाच्या राखणदारांस डोह सोडून वर चढावे लागले, आणि त्यातून २००८ सालचे प्रकरण घडले. चाकणच्या पश्चिमेस शिंदे-वासुली परिसरात भामचंद्र डोंगर आहे. तुकोबा देहूहून एकांतासाठी ज्या डोंगरांवर जात त्यांपैकी हा एक. वारकऱ्यांच्या लेखी तो साक्षात्काराचा डोंगर. त्याच परिसरातून सुधा नावाची छोटी नदी वाहते व तिचे पाणी पुढे इंद्रायणीत येते. तेथे सुमारे शंभर एकर जमीन डाऊ ह्या अमेरिकन रसायन-कंपनीस संशोधनकेंद्रासाठी देण्यात आली. ही कंपनी म्हणजे २००१ साली युनियन कार्बाइड विकत घेणारी कंपनी. आणि युनियन कार्बाइड म्हणजे १९८४ च्या डिसेंबरातील भोपाळची रात्र. हे नाते गावकऱ्यांस कोणी शिकवावे लागले नाही.

कंपनीचे म्हणणे असे होते की, येथे उत्पादन व्हावयाचे नाही, केवळ संशोधन होईल, आणि सर्व नियम पाळले जातील. गावकऱ्यांचा प्रश्न साधा होता: कोणती रसायने येथे आणणार आणि त्यांचे पाणी कोठे जाणार? आपली गायराने गेली, पण आपल्याला कोणी विचारले नाही, हेही दुःख त्यात होते. १९९१ नंतर देशाने गुंतवणुकीस दारे उघडली होती आणि अशा कंपनीस 'नाही' म्हणण्याची पद्धत सरकारात उरली नव्हती. २००८ च्या जानेवारीत ग्रामस्थांनी रस्त्यात बसून काम थांबविले. आंदोलनास वारकरी मंडळी येऊन मिळाली. बंडातात्या कराडकर हे त्यांचे पुढारी झाले. टाळ-मृदंग घेऊन रासायनिक केंद्राविरुद्ध निघालेली दिंडी महाराष्ट्राने बहुधा प्रथमच पाहिली. आषाढी होऊन थोडेच दिवस झाले होते, आणि २५ जुलै २००८ रोजी जमाव त्या जागेत शिरला व तेथील बांधकामास आग लागली. जाळपोळीचे समर्थन कोणीही विवेकी मनुष्य करणार नाही. ज्या संप्रदायाने भूतदया शिकविली त्याच्या नावास ते शोभलेही नाही. परंतु इतिहास लिहावयाचा तर हेही लिहिले पाहिजे की, त्या दिवसापूर्वी सहा महिने हे लोक रस्त्यावर शांतपणे बसले होते. काम पुन्हा उभे राहिले नाही. २०१० मध्ये कंपनीने तेथील बेत सोडून दिला.

वारकऱ्यांनी एक केंद्र थांबविले, पण त्यामुळे त्यांस नदीवर कोणता अधिकार मिळाला? काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा कारखाना आला असता तर त्यांस पुन्हा रस्त्यावरच बसावे लागले असते. 'नाही' म्हणण्याचा त्यांच्याकडे एकच मार्ग होता, आणि तो कायद्याच्या बाहेरचा होता.

देवमासा हा शब्द मराठीत महाशीरास लावतात तसा समुद्रातील त्या अजस्र प्राण्यासही लावतात. योगायोग असा की, पृथ्वीच्या अगदी उत्तर टोकास त्या दुसऱ्या देवमाशाच्या पाण्यावरून असाच तंटा चालला होता, आणि तो निराळ्या रीतीने मिटला. जुन्या भूगोलाच्या पुस्तकांत ज्यांस एस्किमो म्हणत ते लोक स्वतःस इन्युइट म्हणवितात. कॅनडाच्या उत्तरेस बॅफिन बेटाच्या वरच्या अंगास एक लांबट समुद्रधुनी आहे. नकाशात तिचे नाव लँकेस्टर साउंड. इन्युइट तिला तल्लुरुतियुप इमांगा म्हणतात. तेथील एका बेटाच्या कड्यांवरील उभ्या रेषा त्यांस बाईच्या हनुवटीवरील गोंदणासारख्या दिसल्या, म्हणून बेटाचे नाव तल्लुरुतित. आणि त्या बेटाभोवतीचे पाणी ते तल्लुरुतियुप इमांगा. आपल्याकडील म्हाताऱ्या बायकांच्या हनुवटीवरील हिरवे गोंदण ज्यांनी पाहिले आहे, त्यांस हे नाव परके वाटू नये. ह्या पाण्यात देवमासे, लांब दातांचे नारव्हाल, सील व बर्फावरील अस्वले ह्यांची दाटी असते.

ह्या पाण्याचे राखणदार शाकाहारी नव्हते. तेथे भाजीच उगवत नाही. ते शिकारी होते, आणि त्यांचे नियम शिकाऱ्याचे नियम होते. वर ज्या भोयाचा उल्लेख केला, त्याचेच ते भाऊबंद. पुढे तेथेही तेल शोधणारे आले. समुद्राच्या तळाशी तेल आहे की नाही हे पाहण्यासाठी जहाजावरून पाण्यात प्रचंड आवाजाचे बार सोडतात व त्यांचा प्रतिध्वनी मोजतात. देवमासा व नारव्हाल हे आवाजावर जगणारे प्राणी. त्यांस ते बार म्हणजे अंधारात डोळे फोडण्यासारखे. २०१० साली असे बार सोडण्याचे ठरले तेव्हा इन्युइट संघटना न्यायालयात गेली, आणि ऑगस्ट महिन्यात न्यायाधीशांनी ते काम थांबविले. शेजारच्या क्लाइड रिव्हर गावाने असाच खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला व २०१७ च्या जुलैत जिंकला. न्यायालयाने सांगितले की, ज्यांचे जगणे ह्या पाण्यावर आहे त्यांचा खराखुरा सल्ला घेतल्यावाचून दिलेली परवानगी टिकत नाही.

हे त्यांस शक्य झाले ते एका कागदामुळे. १९९३ साली इन्युइट लोकांनी कॅनडा सरकारशी जमिनीचा करार केला. त्यातून १९९९ साली नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश निघाला, आणि संरक्षित क्षेत्र करावयाचे तर आधी इन्युइटांशी वेगळा करार केलाच पाहिजे असे बंधन सरकारवर आले. त्याप्रमाणे १ ऑगस्ट २०१९ रोजी तल्लुरुतियुप इमांगाचा करार झाला. सुमारे १,०८,००० चौरस किलोमीटरांचे हे क्षेत्र. महाराष्ट्राच्या एकतृतीयांशाहून मोठे. त्याच्या कारभारात इन्युइटांस सरकारच्या बरोबरीची जागा आहे, आणि त्यांच्यातीलच माणसे वेतनावर त्या पाण्याची राखण करतात. ग्रीनलंड व कॅनडा ह्यांच्या मध्ये ऐन हिवाळ्यातही न गोठणारा जो समुद्राचा पट्टा आहे, त्यास ते पिकियालासोर्सुआक म्हणतात. त्याचीही व्यवस्था दोन्ही देशांच्या इन्युइटांनी मिळून पाहावी, अशी शिफारस त्यांच्या आयोगाने २०१७ साली केली. उष्ण होत जाणाऱ्या हवेपुढे ह्या कागदांचे काय चालणार, हा प्रश्न तेथेही आहेच. बर्फ वितळविणारा धूर त्यांच्या गावातून निघत नाही, जसा आळंदीचा फेस आळंदीत तयार होत नाही. तरीपण निर्णयाच्या बैठकीत त्यांची खुर्ची आहे.

इंद्रायणीच्या बैठकीत खुर्च्या पुष्कळ आहेत. लोणावळा, तळेगाव, आळंदी ह्या नगरपरिषदा, देहूची नगरपंचायत, पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका, औद्योगिक महामंडळ, पाटबंधारे खाते, महानगर विकास प्राधिकरण, प्रदूषण मंडळ, आणि ह्या साऱ्यांवर हरित न्यायाधिकरण. इतक्या खुर्च्यांत डोह राखणाऱ्याची मात्र एकही नाही. न्यायाधिकरणाचा धाक अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. चिखलीस नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले १७ मे २०२५ रोजी महानगरपालिकेने पाडले, ते न्यायाधिकरणाच्या २०२४ च्या आदेशावरून व सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम केल्यावरूनच. परंतु बंगला डोळ्यांस दिसतो आणि त्यास मालक असतो. नाल्यातून रात्री सुटणाऱ्या पाण्यास मालक सापडत नाही.

देवाच्या माशास कायद्याची सावली देता येते, ह्याचे उदाहरण मात्र महाराष्ट्रातच आहे. सिंधुदुर्गात आंबोलीस हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी महादेवाचे मंदिर आहे. तेथील कुंडात बोटाएवढ्या एका माशाची नवी जात सापडली व २०२० साली तिला नदीचेच नाव मिळाले. पुढल्याच वर्षी, म्हणजे २०२१ साली, राज्य सरकारने २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ते स्थळ जैविक वारसा म्हणून जाहीर केले. त्या कायद्यात गावोगावच्या लोकांची समिती नेमण्याची तरतूद आहे. हिरण्यकेशीचे कुंड लहान, डोंगरातील, वर कारखाना नाही. तेथे हे सोपे गेले. देहूचा डोह त्याहून कितीतरी जुना आणि नामांकित. पण त्याच्या वरच्या अंगास लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत वाढती शहरे आहेत. तेव्हा डोहास वारसा म्हणावयाचे तर त्या साऱ्या शहरांच्या मैल्याचा हिशेब मागावा लागेल. अडचण आहे ती ह्या हिशेबाची.

तोवर चालले आहे ते असे. बीज किंवा कार्तिकी जवळ आली, पात्रात फेस दिसू लागला, की वारकरी निवेदने देतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात आणि वडिवळ्याच्या धरणातून नदीत पाणी सोडले जाते. ते पाणी देहूवरून खाली आळंदीस येते, फेस पुढे ढकलते आणि चार दिवस स्नानाची सोय होते. देहूच्या घाटावर त्या दिवसांत गर्दी असते. चुरमुऱ्यांच्या पुड्या विकणारी मुले पायऱ्यांवर बसलेली असतात, आणि पाण्यात मूठ पडली की उरलेले देवमासे अजून वर येतात. यात्रा पांगल्यावर धरणाचे पाणी बंद होते.